समुद्राच्या पाण्यात गंगा

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि मधुमेहाने त्यांना गाठलं. पायाची जखम काही केल्या भरेना. यातले जंतू औषधांना दाद देत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत समुद्री बुरशीवर काम करत होते. कोकण किनाऱ्यावरून आणलेली ही बया असं काही द्रव्य सोडायची, की काचेच्या ताटलीत तसलेच जंतू तिच्या आसपास फिरकत नसत. भोवती स्वच्छ कडं उमटायचं. त्याचा फोटो मी दादांना हौसेने दाखवला. याचं औषध व्हायला कित्येक वर्षं लागतात, हेही सांगितलं. त्यांनी पहिलं तेवढं ऐकलं.

बुरशीचे नखरे फार. आम्ही मीठ कालवून केलेल्या पाण्यात ती वाढायची, पण द्रव्य करायची नाही. तिला समुद्राचंच पाणी लागे. हे मी घरी सहज बोलून गेले, तर दादा आईशी भांडून, पायाला पट्टी बांधून, एसटीने थेट डहाणूला! कॅन घेऊन परतले तेव्हा चेहरा मुलीचं लग्न ठरवून आल्यासारखा.

त्या पाण्यात बुरशी नुसतीच फोफावली. कडं उमटेना. पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. दादा रोज विचारत आणि मी नकारार्थी मान हलवी. शेवटी एकदा खाली बघत म्हणाले, "कॅन गळला व्हता गं गाडीत. निम्मा रिकामा झाला. तू हिरमुसशील म्हणून स्टँडवरून आधी घाटावर गेलो, गंगेचं पाणी भरलं. म्हटलं, गंगाच हे, वाईट नाय करायची."

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू.

"पाणी चोख असतं तरी ते औषध तुमच्या पायापर्यंत पोचलं नसतं, दादा," मी परोपरीने सांगितलं. लहान मुलाचं ऐकून घ्यावं तशी त्यांनी मान डोलावली.

जखम वर चढत गेली. पाय काढायचं ठरलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी त्यांनी माझा हात धरला.

"पाय माझ्याच करणीनं चालला, पोरी. तू वाईट वाटून नको घेऊ."

त्यांना आत नेलं. ते शुद्धीवर आलेच नाहीत. आपलं औषध आपणच नासवलं, हीच समजूत घेऊन माझे दादा गेले.