सहीसाठी गच्ची धुतली

मंडळी, आज डोकं फिरलंय.

प्रेशरच्या पाण्यानं गच्च्या, गाड्या धुवायचा धंदा काढतेय. इथं बेंगळुरूत, येलहंकात एका सोसायटीचं काम ठरलंय, पण आधी लायसन दाखवा म्हणतात. लायसनला घरमालकाचं ना-हरकत पत्र लागतं.

आमची मालकीण मराठीच. म्हणाली, "अक्का, आमची गच्ची धुऊन दाखव, मग बघू." "सरी," म्हटलं, म्हणजे इकडच्या भाषेत बरं. सकाळभर राबले, शेवाळ निघून लाल फरशी दिसायला लागली.

कागद पुढं केला तर म्हणते, "सही नको गं. उद्या घरच सोडणार नाहीस."

"मग गच्ची कशाला धुऊन घेतलीत?"

"एवढं करत नाहीत का आपल्या माणसांसाठी?"

कागद घेऊन खाली आले. सोसायटीवाले आता दुसरा माणूस बघतायत.

भाड्याच्या घरात राहून धंदा करणाऱ्यांनो, तुम्हाला सही कुणी दिली?