ऑक्टोबरातला फोटो

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. इंग्लंडमधल्या बर्कशरच्या एका हॉस्पिटलात मी रक्त काढायचे, आणि जमैकाची एक बाई फरशी पुसायची. दर ऑक्टोबरात ब्लॅक हिस्टरी मन्थ, म्हणजे काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना आला, की साहेबलोक तिच्या डोक्याला रंगीत फडकं बांधवून फोटो काढत आणि कॉरिडॉरमध्ये लावत. खाली लिहीत, ‘आमचा अभिमान’. महिना संपला की तो फोटो भिंतीवरून उतरवायचं कामही तिचंच, बरं का!

एकदा फोटोमागचा, भिंतीवर राहिलेला चिकट गोळा नखाने खरवडत ती म्हणाली, “दरवर्षी सांगते, खाली माझं नाव लिहा. पण नाव काय, ते कुणी विचारतच नाही.”

मी म्हटलं, “कसली गं ही माणसं, डार्लिंग!”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंत खरवडायला लागली. आठ वर्षं मी तिला डार्लिंगच म्हणत होते. त्या दिवशीही नाव विचारलं नाही, लाज वाटली.