बघू म्हणजे काय

मडमसाहेब कधी खोटं बोलत नसत. त्यांच्याविषयी सगळे हेच सांगतात आणि ते खरंही आहे. तरुणपणाची चांगली वर्षं मी त्यांच्या बंगल्यात काढली, पण त्यांच्या तोंडून एक खोटा शब्द ऐकला नाही. माझं वाटोळं झालं ते त्यांच्या खरेपणानंच. म्हणून आजही कोणी त्यांची थोरवी गायला लागलं की मी उठून चपला घालतो.

मी केम गावाकडचा. आईबाप साथीत गेले आणि मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलो. पुस्तकात डोकं चाललं नाही, बाजारात चाललं. मडमसाहेबांचे यजमान, मिशनचे पाद्रीसाहेब, त्यांनी ते ओळखलं आणि बंगल्याचा बाजारहाट माझ्याकडे दिला. आज सोलापुरात माझी लाकडाची वखार आहे. ती मला कोणी दिलेली नाही. तोंडानं कमावलेली आहे.

त्या घराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उठायचा. उकळून गाळलेलं पाणी, ओटची पचपचीत लापशी, मग घंटा. घंटा झाली की आया, आचारी, माळी, मी, सगळे दिवाणखान्यात. साहेब, मडमसाहेब आणि त्यांच्या दोन मुली खुर्च्यांवर, आम्ही सतरंजीवर. ‘आपण सगळी एकाच बापाची लेकरं’ असं साहेब रोज सांगायचे आणि रोज खुर्चीवरूनच सांगायचे. नंतर ते सायकल घेऊन पेठांतल्या शाळा बघायला जायचे. मुलींचे धडे उरकले की मडमसाहेब डोक्यावर मोठी टोपी चढवून घरभेटींना निघायच्या. मागून मी, बगलेत चित्रांची गुंडाळी आणि हातात छत्री. एवढ्या लांबून समुद्र ओलांडून आलेलं कुटुंब! उन्हानं सोलवटून निघायचं, आजारी पडायचं, पुन्हा उभं राहायचं. कष्टांत त्यांची कसूर नव्हती. ते मी नाकारत नाही.

पण मडमसाहेबांना घासाघीस खपायची नाही. मी वांगी घेऊन आलो की विचारायच्या, “तिने प्रथम काय मूल्य सांगितले?” त्यांचं मराठी पंडिताकडून शिकलेलं, इस्त्री केल्यासारखं.

मी सांगायचो.

“आणि तुम्ही किती दिले? म्हणजे तिने प्रथम असत्य भाषण केले. तुम्हीही केले.”

“मडमसाहेब, पहिला भाव म्हणजे नमस्कार असतो. तो कुणी खरा धरत नाही.”

“आपले ‘होय’ ते होय असावे, आणि ‘नाही’ ते नाही.”

एकदा त्या स्वतःच मंडईत आल्या आणि वांगीवाली म्हातारी म्हणाली तो भाव देऊन मोकळ्या झाल्या. म्हातारी खूश झाली असेल असं तुम्हाला वाटेल. ती रुसली. मला म्हणाली, “बाईला माझ्याशी बोलायचं न्हाय व्हय रं? भिकारणीला टाकल्यावानी टाकून गेली.” हे मी मडमसाहेबांना सांगितलं. त्यांना ते कळलं नाही.

घरभेटी बहुतेक विणकरांच्या गल्ल्यांत असायच्या. तिथं घराघरात तेलुगू. ती मला माल घेता घेता येऊ लागली होती. मडमसाहेब मागावरच्या बायकांपाशी जाजमावर बसायच्या, चित्रं दाखवायच्या, गाणं म्हणायच्या आणि शेवटी विचारायच्या, “रविवारी उपासनेला येणार काय?”

बायका हसून म्हणायच्या, “चूद्दामम्मा.”

“काय म्हणाल्या?”

“बघू म्हणाल्या.”

मडमसाहेबांचा चेहरा फुलायचा. रविवारी त्या पुढचे बाक मोकळे ठेवायच्या, दाराकडे बघत बसायच्या. कोणी फिरकत नसे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मला त्यांची कीव आली. शेवटी एकदा परतताना मी म्हटलं, “मडमसाहेब, उगीच वाट बघू नका. बघू म्हणजे नाही. आमच्याकडं दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत.”

त्या रस्त्यातच थांबल्या. “बघू म्हणजे नाही,” असं त्यांनी दोनदा घोकलं. त्या दिवसापासून बाक मोकळे ठेवणं बंद झालं.

आता ज्या मुलीवरून माझं बिनसलं तिच्याविषयी. ती मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात वाढलेली, माझ्यासारखीच बिनआईबापाची. तिथंच लहान पोरींना अक्षरं शिकवायची आणि शिवणाचा वर्ग बघायची. शिवणाचा धागा मी आणून द्यायचो. पहिल्याच खेपेला तिनं रीळ हातात घेतलं, धागा दोन बोटांत ताणला, तोडला आणि माझ्यासमोर धरला.

“कुणी गळ्यात मारला हा?”

“चांगल्या दुकानातला आहे.”

“दुकान चांगलं असंल. गिऱ्हाईक बावळट हाय.”

मला बावळट म्हणणारं माणूस अख्ख्या सोलापुरात नव्हतं. मी चिडून निघालो, दुकानदाराशी भांडलो, चांगला धागा घेऊन परत गेलो. तिनं तोही ताणून बघितला. “हा चालंल,” म्हणाली आणि हसली. त्यानंतर मी धागा गरजेपेक्षा जास्त वेळा आणायला लागलो. बंगल्यातल्या आयामावशीनं ते ओळखलं. “एवढा धागा कशाला रं? साऱ्या सोलापुराची लुगडी शिवायचीत का काय?” मग तीच माझे निरोप तिकडं आणि तिचे टोमणे इकडं आणू लागली. तिचं मन माझ्याकडं आहे, हे मावशीनं मला आपल्या तोंडानं सांगितलं.

बोर्डिंगातल्या अनाथ मुलींची लग्नं मडमसाहेबच जमवायच्या. त्यांचा शब्द म्हणजे मुलीच्या बापाचा शब्द. एके दिवशी त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

“तुम्ही विवाहयोग्य झाला आहात. शिवणवर्गाची ती मुलगी तुम्हास पसंत आहे काय?”

माझ्या छातीत हातमागासारखं धडधडायला लागलं. पण मी काही रस्त्यावरचा माणूस नव्हतो. सोयरिकीचं बोलणं कसं करतात हे मला ठाऊक होतं. मुलाकडच्यानं लगेच हात पुढं केला तर लोक म्हणतात, ह्याच्यात काहीतरी खोट आहे, म्हणून घायकुतीला आलाय. मुलीचीही किंमत जाते. आधी थोडं मागं सरायचं, चार खोड्या काढायच्या. मग मुलीकडच्यांनी तिचे गुण सांगायचे, आपण जरा नरमायचं, त्यांनी आणखी सांगायचं. असा मान राखत राखत सोयरिकीचा गूळ वाटण्यापर्यंत जायचं. माझ्या बाजूनं बोलायला मामा नव्हता, काका नव्हता. म्हणून ते मला माझंच करावं लागलं.

मी म्हटलं, “मुलगी सावळी आहे. शिकलेली आहे, उद्या डोक्यावर बसेल. जिभेलाही धार आहे.” आणि गंभीर तोंड करून म्हणालो, “बघू.”

मग त्यांच्या बोलण्याची वाट बघत उभा राहिलो. आता त्या म्हणतील, सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे. म्हणतील, शिवणात तिचा हात कोणी धरणार नाही.

त्या म्हणाल्या, “बरे.” आणि आत गेल्या.

मी खुशीत घरी आलो. बाई हुशार आहे, मला वाटलं, ताणून धरतेय. मी पण ताणणार. थंडीचे दिवस होते. दरवर्षीप्रमाणे साहेब, मडमसाहेब आणि मुली तंबू घेऊन खेड्यांच्या दौऱ्यावर गेली. मी त्यांच्या माघारी एक इरकल लुगडं घेऊन ठेवलं आणि मावशीकरवी तिला निरोप पाठवला की बोलणी सुरू झाली आहेत. तिकडून उत्तर आलं, “ह्या खेपेला माल नीट बघून घ्या म्हणावं.” मी सारा दिवस हसत होतो.

दौऱ्याहून बैलगाड्या परतल्या. सामान उतरता उतरता मावशी रडत माझ्याकडं आली.

“पोरीला माढ्याकडच्या मास्तराला द्यायचा सबूद देऊन आल्या रं. बिजवर हाय. एक ल्योक हाय त्याला.”

मी तसाच बंगल्यात शिरलो. घरची मंडळी न्याहारीला बसली होती. दारात थांबणं, परवानगी मागणं, काही सुचलं नाही.

“मडमसाहेब, मुलगी माझ्याशी ठरली होती!”

साहेबांनी चमचा खाली ठेवला. मडमसाहेब शांत होत्या. “नाही. मी तुम्हास विचारले. तुम्ही तिचे दोष सांगितले आणि ‘बघू’ म्हणालात. बघू म्हणजे नाही. हे तुम्हीच मला शिकवले.”

“ते दारातलं बघू! हे सोयरिकीतलं बघू! सोयरिकीत बघू म्हणजे हो!”

“एका शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही परस्परांविरुद्ध?”

धाकटी मुलगी आयामावशीच्या कडेवर वाढलेली. ती लापशीतून मान वर काढून म्हणाली, “व्हय की, ममा. तो तर हो म्हनला!” तिला गप्प खायला सांगितलं. त्या घरात मराठी येणारं तेवढं एकच माणूस होतं.

“त्या मास्तरांना मी विचारले,” मडमसाहेब म्हणाल्या, “ते तत्काळ ‘होय’ म्हणाले.”

पहिल्या शब्दाला जो माल उचलतो तो एकतर मूर्ख असतो नाहीतर नडलेला. हे मी ओरडून सांगितलं. माल हा शब्द मी वापरला आणि मडमसाहेबांचा चेहरा दगड झाला. “ती मुलगी आहे. वांगी नव्हे.”

हे त्यांनी मला सुनवावं! ज्यांनी तिला एका शब्दावर देऊन टाकली, त्यांनी!

साहेब मऊ माणूस. ते म्हणाले, “मुलीलाच विचारू या. तेच न्यायाचे.” मडमसाहेबांनीही मान डोलावली. त्यांना न्याय प्रिय होता.

तिला बोर्डिंगातून बोलावून आणलं. व्हरांड्यात साहेब, मडमसाहेब, आया, आचारी, माळी आणि मी, एवढ्यांच्या देखत तिला उभी केली. पदर घट्ट ओढलेला, नजर फरशीवर.

मडमसाहेबांनी विचारलं, “निर्भयपणे सांग. तुला हे हवेत की ते मास्तर?”

कोणत्या पोरीनं तोंड वर करून सांगावं, मला हा हवा? त्या काळी? नोकराचाकरांसमोर? तिनं पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरली. मास्तर हवा असता तर ती मुकाट मान हलवून आत गेली असती. ती गेली नाही. ती माझ्या बाजूला अर्धं पाऊल सरकली आणि हळू म्हणाली, “तुमी म्हनाल तसं.”

मावशीनं डोळ्याला पदर लावला. आचारी माझ्याकडं बघून हसलासुद्धा. मुलगी एवढं तरी का बोलली, आणि कुणाच्या बाजूला सरकून बोलली, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक अडाणी माणसाला कळलं.

मडमसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आज्ञाधारक मुलगी. मी शब्द दिला आहे, तो मी मोडणार नाही. तू मास्तरांकडे जा.”

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. त्यांच्या टोपीला बोललो, त्यांच्या पंडिताला बोललो. तुम्ही आमच्यात जन्म काढलात तरी तुम्हाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, असं म्हणालो. माळ्यानं माझा दंड धरला. तेव्हा साहेब उठले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, “आपण प्रार्थना करू.”

सगळ्यांनी डोळे मिटले. साहेबांनी देवाला सांगितलं की ह्या आमच्या बांधवाचा स्वभाव तापट आहे, तो संतापाच्या भरात बोलला, त्याला क्षमा कर.

मला क्षमा! चूक कोणाची, आणि क्षमा कोणासाठी मागतायत!

मी डोळे मिटले नव्हते. तिनंही मिटले नव्हते. एवढे दिवस रिळांच्या निमित्तानं चोरून बघितलं होतं, आता सगळ्यांच्या देखत, कोणी बघत नसताना, ती सरळ माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. माझ्यावर रागावलेली होती की त्यांच्यावर, मला सांगता येत नाही. साहेबांची प्रार्थना लांबत होती. तिनं एकदा ‘नाही’ अशी मान हलवली. मग बाकीच्यांसारखे डोळे मिटून घेतले.

मी आमेनपर्यंत थांबलो नाही. पायऱ्या उतरून फाटकाबाहेर आलो आणि त्या बंगल्याची पायरी पुन्हा चढलो नाही.