पडदा होता, ओढला नाही

आधी माफी मागतो. लिहावं असा माझा काही अधिकार नाही. आमच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, कॉलेजात गेलेला मी पहिला. घरची बोली वेगळी, मराठी शाळेत शिकलो. शब्द चुकले तर सांभाळून घ्या. पण हे दुसऱ्या कोणी लिहिलं तर त्यातही मी आडवाच असेन. म्हणून मी लिहितो.

"शर्ट काढ आणि झोप."

डॉक्टर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नाव विचारलं नाही.

यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात दिवाळीच्या सुट्टीत शिबिर होतं. अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या मुलांना आरोग्याच्या क्षेत्रात काय काय होता येतं ते दाखवायचं. लॅब, एक्स-रे, फिजिओथेरपी, नर्सिंग, औषधं. कळंबच्या कॉलेजातल्या मॅडमनी माझं नाव पाठवलं होतं. बाकीची मुलं शहरातली. कोणाचे वडील वकील, कोणाची आई प्राध्यापक, कोणाच्या घरीच दवाखाना. मी रोज एसटीनं जायचो. मला एकच हौस होती. कानाला स्टेथोस्कोप लावायचा आणि माणसाचं काळीज आतून कसं वाजतं ते ऐकायचं. पोडावर नर्सबाई यायच्या, त्यांच्या गळ्यात तो बघितला होता, तेव्हापासूनची हौस.

पहिल्या दिवशी मी चपला दाराबाहेर काढल्या आणि बाकावर बसलो. आमची माणसं दवाखान्यात असंच करतात. चपला बाहेर, आपण बाकावर, हाक मारतील तेव्हा आत. शहरातली मुलं बुटांसकट सरळ आत गेली. त्यांना पांढरे ॲप्रन मिळाले. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले, माझ्याकडे बघून "ये" म्हणाले. मी गेलो. आत तपासणीचं टेबल होतं.

शर्ट काढ आणि झोप. मी झोपलो.

काहून झोपलो? आमच्यात पांढऱ्या कोटातला माणूस झोप म्हणाला की झोपतात. कशासाठी, हे विचारत नाहीत. माझ्या आज्यानं विचारलं नाही. मायनं नाही. मीही नाही.

टेबलाशेजारी हिरवा पडदा होता. हात लांब केला तर पोचेल इतका जवळ. तो कोणी ओढला नाही. दार उघडं होतं. समोर ॲप्रनातली मुलं-मुली उभी.

डॉक्टरांनी अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली. "बघा. फिकट. यांच्या समाजात सिकलसेल असतं. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आता पोट बघा. डाव्या बाजूला प्लीहा हाताला लागते का? एकेक जण या."

एकेक जण आला. गार हात. कोणी जोरात दाबलं, कोणी बोटाच्या टोकानं, किळस आल्यासारखं. ईशान नावाचा एक मुलगा होता. तो म्हणाला, "सर, याला तर गुदगुल्या होऊन राह्यल्या."

सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, "पेशंटला हसवू नका. पोट आवळतं."

एका मुलीनं हात मागे घेतला. हळूच म्हणाली, "सर, हा शिबिरातलाच आहे. आमच्यातलाच एक."

"हो का?" डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "मग बरंच झालं. रोज पेशंट शोधायला नको."

त्यानंतर रोज मी. रक्तदाब माझ्या दंडावर. हातोडी माझ्या गुडघ्यावर. मोडलेला पाय बांधायला माझा धड पाय. मला ॲप्रन दिलाच नाही. पेशंटला ॲप्रन कशाला? मधल्या सुट्टीत मुलं कॅन्टीनला निघाली की ईशान म्हणायचा, "पेशंटले सलाईन लावा बे, भूक लागली असंल." मी पण हसायचो. हसलं की लवकर संपतं.

एकदा मी धीर केला. म्हणालो, "सर, मीपण ऐकू का एकदा?"

स्टेथोस्कोप माझ्या छातीवरच होता. डॉक्टर म्हणाले, "तुझं तर वाजतंय. तू काय ऐकणार?"

करिअरच्या तासाला त्यांनी प्रत्येकाला विचारलं, काय व्हायचंय. सर्जन. हृदयरोगतज्ज्ञ. ईशान रेडिओलॉजिस्ट. माझी पाळी आली तर विचारलंच नाही. स्वतःच म्हणाले, "तू वॉर्डबॉय हो. तुम्ही लोक ओझं छान उचलता. आणि पेशंट म्हणून अनुभव आहेच."

शेवटच्या दिवशी समारोप होता. पालकांना बोलावलं होतं. माय पोडावरून आली. दिवाळीचं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. तिला वाटत होतं, पोरगा पांढऱ्या कोटात दिसेल. ती हॉलच्या शेवटच्या रांगेत बसली. चपला तिनंही बाहेर काढल्या होत्या.

स्टेजवर टेबल आणलं होतं. मुलं काय शिकली ते पालकांना दाखवायचं होतं. डॉक्टरांनी माइकवर माझ्याकडे बोट केलं. "चल, तुझी जागा घे."

मी शर्ट काढला. झोपलो. डॉक्टरांनी पापणी ओढली, माइक तोंडाशी धरला आणि बोलायला लागले. यांच्या समाजात.

तेवढ्यात मागून आवाज आला. माय उभी राहिली होती. आधी आमच्या बोलीत बोलली. मग मराठीत. "काय झालं माह्या पोराले? सकाळी तं चांगला होता. काय झालं त्याले?"

ती खुर्च्यांमधून वाट काढत अनवाणी पुढे येत होती. तिला वाटलं, मी आजारी पडलोय.

हॉल हसला. आधी मुलं, मग त्यांचे आईबाप. एक बाई रुमाल तोंडाला लावून हसत होत्या. डॉक्टर माइकवर म्हणाले, "बाई, घाबरू नका. हा मॉडेल आहे." पुन्हा हसले सगळे.

मला हसले तेव्हा मी हसलो होतो. मायला हसले आणि माझ्यातलं काहीतरी थांबलं.

मी उठून बसलो. शर्ट घातला. खालून एकेक बटण लावत गेलो. वरचं बटण लागेचना, तरी लावलं.

"झोप. अजून पोट राहिलंय," डॉक्टर म्हणाले.

"नाही सर."

"काय नाही?"

"झोपणार नाही. ईशानला झोपवा."

डॉक्टर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अरे, ईशानमध्ये काय दाखवणार? तो निरोगी आहे."

"सर, माझं रक्त तुम्ही तपासलंच नाही."

एवढंच बोललो. जास्त येत नव्हतं. खाली उतरलो, मायचा हात धरला. मागे डॉक्टर कोणाला तरी म्हणाले, "याचं प्रमाणपत्र राहू द्या."

मायनं मला शाबासकी दिली असं कोणाला वाटेल. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग आमच्या बोलीत बोलली, इथं वऱ्हाडीत लिहितो. "डाक्टरसंग भांडला. उद्या कोणाले काही झालं तं दारात उभं करीन का तो? झोपला असता तं काय झिजला असता?"

तिचं चूक नव्हतं. तिला हेच शिकवलं होतं. तिलाही असंच झोपवून शिकवलं होतं.

मी आता सरकारी कॉलेजात नर्सिंग शिकतो. सुरुवातीलाच बाईंनी शिकवलं. पेशंटला आधी आपलं नाव सांगायचं. त्याचं विचारायचं. हात लावायची परवानगी घ्यायची. पडदा ओढायचा. बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं. माझं पेन चाललंच नाही. म्हणजे हा नियम होता. तेव्हाही होता. डॉक्टरांना माहीत होता. तो माझ्यासाठी नव्हता, इतकंच.

रक्ताची तपासणी नंतर मी स्वतः करून घेतली. काय निघालं ते इथं सांगणार नाही. ते माझ्या रक्तातलं आहे. कोणाला शिकवायला नाही.

काल बहिणीचा फोन आला. पायल. ती आता कळंबला अकरावीला आहे.

"दादा, माह्यी निवड झाली. तुह्यी झालती ना, तेच शिबिर. सर स्वतः कॉलेजात आलते. मले पाहून म्हणे, अशी एक पाहिजेच होती."

तिचा आवाज आनंदानं फुटत होता. मागून माय सांगत होती, डाक्टर म्हणीन तसंच करजो.

मी विचारलं, "अजून काय म्हणे सर?" पायल म्हणाली, "काहून असं विचारून राह्यला? जाऊ नको का?"

"जा. मी येऊन राह्यलो. पहिल्या दिवशी तुह्यासंग मी. बाकावर बसायचं नाही. चपला काढायच्या नाहीत. आत जायचं आणि पहिले ॲप्रन मागायचा."

"आन् झोप म्हटलं तं?"

"उभी राहाजो," मी म्हणालो. "मी दारातच असीन."