हिलाल मिस्त्रींची कोळशाची गाडी

हिलाल मिस्त्रींच्या गाडीत वांगी टाकणारा माणूस मीच, त्यांचा क्लीनर. हिवाळ्यात फुललेला निखारा दिसला, की खानदेशी माणसाचा हात आपोआप वांग्याकडे जातो. साक्रीच्या बाजारातली चार भरताची वांगी पिशवीत होतीच. मिस्त्री शेंगांची पोती बांधत होते, तेवढ्यात मी भट्टीचं झाकण उघडलं. जाळ भसकन वर आला. माझ्या भुवया गेल्या, आणि मिस्त्रींनी तासभर खपून धरलेला गॅसही गेला.

साल चौऱ्याहत्तर. पेट्रोल इतकं महागलं होतं, की हस्तीमल शेठ आपल्या ट्रककडे खादाड पाहुण्याकडे पाहावं तसे पाहत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिस्त्री कोळशावरच्या मोटारीत क्लीनर होते. ते आठवून आठवून त्यांनी वर्षभरात ट्रकला भट्टीचं एक पिंप जोडलं. आत लाकडी कोळसा पेटवायचा, गॅस नळीने इंजिनात. त्या वर्षात त्यांच्या बायकोने, कमलबाईने, पिंपाला सवत म्हणायला सुरुवात केली होती. त्या सकाळी मात्र तिनेच सवतीला हळदकुंकू लावलं. कारण शेठचं बोलणं पक्कं होतं: भरला ट्रक पेट्रोलविना धुळ्याला पोचला, तर उरलेल्या दोन गाड्यांनाही पिंप, नाही तर हेसुद्धा भंगारात.

मिस्त्री माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी सळईने वांगी काढली, पुन्हा कोळसा भरला आणि निखारा फुलवायच्या पंख्याचं हँडल माझ्या हातात दिलं. तासाभराने गाडी निघाली. सपाटीवर अशी चालली, की शेजारी बसलेले शेठ चक्क दोनदा हसले.

मग चढ आला. गाडी खोकली, थरथरली, थांबली. मिस्त्रींनी झडपा फिरवल्या, नळ्या ठोकल्या. निम्मी पोती उतरवली, मग सगळी उतरवली. गाडी हलेना. शेवटी बाजाराहून परतणाऱ्या गाडीवानांनी चार बैलजोड्या जुंपल्या आणि कडब्यावर चालणाऱ्या त्या आठ इंजिनांनी ट्रक माथ्यावर नेला.

पोती पुन्हा चढली. मग शेठ हळूच म्हणाले, "मिस्त्री, धुळ्यात पोचलो की हे काढून टाका."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि ते स्टिअरिंगवर बसले. पुढे उतार लागला. ट्रक झोकात सुटला. मला राहवेना.

"मिस्त्री, बघा तरी, आता कशी पळतेय!"

रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "उतारवर गाडीले काहीच लागत नही, भाऊ."