कुळथाचे मफिन आणि दहाची सुट्टी

बत्तीस मफिन शाळेत पाठवले होते. त्यातले सत्तावीस डब्यातून परत आले, बहुतेकांना एकेकच चावा मारलेला.

"मीनल, मुलं वाईट बोलली नाहीत," मुख्याध्यापिका फोनवर म्हणाल्या. "पण फारसं खाल्लंही नाही कुणी."

ही मागणी त्यांचीच. शाळा सकाळची. बरीच मुलं चहा-बिस्किटावर यायची आणि प्रार्थनेतच जांभया द्यायची. दहाच्या सुट्टीसाठी त्यांना काहीतरी प्रोटीनवालं हवं होतं. प्रोटीन म्हणजे अंग भरणारा, लवकर भूक लागू न देणारा अन्नातला भाग. गोव्यातल्या हॉटेलची नोकरी सोडून मी वेंगुर्ल्याला बेकरी टाकली, त्यानंतरचं हे पहिलं कायमचं काम ठरणार होतं. मी मोठ्या हौसेने कुळीथ निवडला. त्यात प्रोटीन भरपूर, आणि इथे तो घराघरात असतो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. दुसरीतल्या एका मुलीला विचारलं, "काल मफिन कसो लागलो गो?"

ती शहाणी होती. आधी मॅडमकडे बघितलं, मग म्हणाली, "बरो होतो. पण घशात अडाकता. पाणी व्हया."

मला पटेना. ओव्हनमधून काढल्या काढल्या मी स्वतः एक खाल्ला होता. मऊसूत होता.

"सोमवारी आणखी एकदा बघू," मॅडम म्हणाल्या. "नाही जमलं तर संस्था बिस्किटाचे पुडे द्यायचं म्हणते आहे. आणि हो, सोमवार आहे. अंडं नको."

अंडं म्हणजे मफिनचा अर्धा आधार. ते पीठ धरून ठेवतं आणि फुलवतंही.

बेकरीत सुनंदाकाकी ट्रे घासत होत्या. वीस वर्षं खानावळीत काढलेली बाई. त्यांनी परत आलेला एक मफिन दाबून बघितला.

"पिठी सुकीच घातलंस?"

"मैद्यात मिसळून घातली."

"कुळीथ पाणी पिता गो. आमी पिठी आधी पाण्यात कालवतो, मगे चुलीर चढवतो. गरम असताना तुका कळूचा नाय. निवल्यार बघ."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मफिन पहाटे भाजले जायचे आणि मुलं ते दहाला खायची. मधल्या चार तासांत कुळथाचं पीठ आतला सगळा ओलावा शोषून घेत होतं. मी खाल्लेला मफिन आणि मुलांनी खाल्लेला मफिन, दोन वेगळेच पदार्थ होते.

शनिवारी पीठ कोमट दुधात अर्धा तास भिजवलं. अंड्याऐवजी टांगलेलं दही घातलं. दह्याचा आंबटपणा सोड्याला लागला की बुडबुडे होतात आणि मफिन फुलतो. फुगले छान, पण मधोमध गिच्च. काकींनी एक खाल्ला आणि दुसऱ्याला हात लावला नाही.

रविवारी दूध कमी केलं, दोन पिकलेली केळी कुस्करून घातली, साचे लहान घेतले. या वेळी गरम असताना चाखलेच नाहीत. डब्यात बंद करून ठेवले आणि चार तास दुसरी कामं केली. ते चार तास मला फार जड गेले. मग डबा उघडला.

"आता सरळ गेलो घशातून," काकी म्हणाल्या.

सोमवारी दहाला मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिले. मागच्या भेटीत मी मुलांना प्रोटीनवर छोटंसं भाषण दिलं होतं. या वेळी गप्प राहिले. डबा रिकामा झाला. एका मुलाने कागदाला चिकटलेला चुरासुद्धा दातांनी खरवडला.

"आठवड्यातून तीन दिवस द्या," मॅडम म्हणाल्या. "तिन्ही दिवस बिनअंड्याचेच. मला वार लक्षात ठेवायला नकोत."

आता बेकरीत माझा एक नियम आहे. गिऱ्हाईक ज्या वेळी खाणार, त्याच वेळी आपण चाखायचं. ओव्हनमधून नुकतंच काढलेलं सगळंच चांगलं लागतं, त्यावरून काही ठरवू नये.