पहिल्या नंबरची कोरी ओळ

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर धुमसत होतं, तेव्हा मुकुंदवाडीत कंपनीवाल्यांच्या जिवावर एक व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. तिथं आम्ही समुद्री चाच्यांच्या कप्तानाचं जहाज चालवायचो. समुद्र कुणीच पाहिला नव्हता. नळाला पाणी आलं की तोच आमचा समुद्र.

त्या कंपनीवाल्यांतलाच एक जण पहिली पाळी सुटली की यायचा. खाकी गणवेश, बोटांना ऑइल. यंत्राला हात लावण्याआधी हात पँटीला पुसायचा, चपला बाजूला काढायचा, जणू कप्तानाचं जहाज घाण होईल. खेळायचा मात्र असा, की आमची तोंडं बंद.

मला त्याच्या खेळापेक्षा आडनावाची काळजी. ते कळल्याशिवाय माणूस कोणत्या बाजूचा, हे ठरवायचं कसं? "पाव्हणं, गाव कोणतं? गल्ली कोणती? सोयरे कुठले?" महिनाभर मी खोदत होतो. तो "इथलाच" म्हणून हसायचा.

एके दिवशी त्यानं सगळ्यांचे विक्रम मोडले. पडद्यावर यंत्रानं नाव मागितलं. आम्ही आपापले खेळ सोडून माना लांब केल्या. त्यानं जागा कोरी ठेवून बटण दाबलं, चपला घातल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "या जहाजावर लई दिवस काढले. लुटलं, बुडवलं सगळ्यांनी, पण आडनाव नाय विचारलं कुणी."

पुन्हा तो आला नाही. पहिल्या नंबरची ओळ कोरीच राहिली. सातव्या नंबरला माझं नाव होतं, आडनावासकट.